दोन बेटे, एकच प्रश्नपत्रिका

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कामानिमित्त निलगिरी जिल्ह्यात जाण्याचा योग आला होता. गुडलूरच्या बाजूला चहाच्या मळ्यांत श्रीलंकेतून परत आलेल्या तमिळ कुटुंबांच्या वस्त्या आहेत. तिथल्या एका वृद्ध बाईंनी पत्र्याच्या पेटीतून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेले एक जीर्ण कार्ड काढून दाखवले. परतीच्या वेळी भारत सरकारने दिलेले ते कुटुंबपत्र होते. बाईंचा जन्म सिलोनचा, त्यांच्या आईचाही तिथलाच. भारत त्यांनी प्रथम पाहिला तो वयाच्या पस्तिशीत, बोटीतून रामेश्वरला उतरल्यावर. दुभाष्यामार्फत मी विचारले, "अम्मा, तिकडची आठवण येते का?" त्या म्हणाल्या, "तिकडे आम्हाला भारतवाले म्हणत, इकडे सिलोनवाले म्हणतात. आठवण कुठली काढायची ते तुम्हीच सांगा."

पुढे बऱ्याच वर्षांनी एका परिषदेसाठी मॉरिशसला गेलो. पोर्ट लुई बंदरात आप्रवासी घाट आहे. करारबद्ध मजूर म्हणून आलेले भारतीय जिथून बेटावर पाऊल टाकत त्या सोळा दगडी पायऱ्या तिथे जपून ठेवल्या आहेत. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे अशी आली. बहुसंख्य बिहारकडची होती, काही तमिळ आणि तेलुगू मुलखातली, आणि थोडी आपल्या रत्नागिरीकडची. युनेस्कोने २००६ मध्ये या घाटाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. या पायऱ्या चढून आलेल्यांचे नातू-पणतू त्या देशाचे पंतप्रधान झाले, न्यायाधीश झाले, सचिव झाले.

त्या वेळी मला निलगिरीतल्या अम्मांचे कार्ड आठवले. दोन्हीकडचे मजूर एकाच देशातून, एकाच साम्राज्याच्या सोयीसाठी, एकाच प्रकारच्या कामाला गेले. एका बेटावर ते राज्यकर्ते झाले आणि दुसऱ्या बेटावर परके ठरले. असे का व्हावे? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना लक्षात आले की, माणसांच्या जीवनमानाविषयी आपण जे बोलतो त्यातले बरेचसे या दोन बेटांच्या इतिहासात तपासून पाहता येते.

राहणीमान आणि जीवनमान

आधी शब्दांविषयी थोडेसे. घरात पंखा आला, दुचाकी आली, म्हणजे राहणीमान सुधारले. पण बाळ जगेल की नाही, मुलगी शाळेत जाईल की नाही, म्हातारपणी औषध मिळेल की नाही, आणि रात्री दारावर थाप पडली तर भीती वाटेल की नाही, हे सारे जीवनमानात येते. केवळ दरडोई उत्पन्नावरून देशाची प्रगती मोजणे अपुरे आहे, हे मान्य होऊन १९९० साली मेहबूब उल हक यांच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल निघाला. त्यामागील विचारात अमर्त्य सेन यांचा वाटा मोठा होता. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींचा मिळून निर्देशांक तेव्हापासून रूढ झाला. हा निर्देशांक उपयोगी आहेच; पण त्यात काय मावत नाही, तेही पुढे दिसेल.

वर्गातला पहिला विद्यार्थी

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा आशियातील वसाहतींमध्ये सिलोन हा वर्गातला पहिला विद्यार्थी होता. १९३१ सालीच तिथे प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मताधिकार मिळाला होता. खुद्द ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळून तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. आपल्याकडे असा मताधिकार वापरला गेला तो वीस वर्षांनी. मत मागायला गावात जावे लागले की गावाची गाऱ्हाणी ऐकावी लागतात. १९३४-३५ च्या मलेरियाच्या साथीत सिलोनमध्ये सुमारे ऐंशी हजार माणसे दगावली. त्यानंतर ग्रामीण दवाखान्यांची मागणी कोणत्याही पुढाऱ्याला टाळता आली नाही. १९४५ मध्ये शिक्षणमंत्री कन्नंगरा यांनी बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत मोफत शिक्षणाची योजना अमलात आणली. डीडीटीची फवारणी सुरू झाली आणि १९४६ साली हजारी वीसच्या आसपास असलेला मृत्युदर एका वर्षात चौदाच्या घरात आला. युद्धकाळात सुरू झालेले स्वस्त तांदळाचे रेशन शांततेतही चालू राहिले.

या रेशनची राजकीय ताकद केवढी होती याचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. तिजोरीवरचा ताण कमी करण्यासाठी १९५३ साली सरकारने रेशनच्या तांदळाचा भाव मापामागे २५ सेंटवरून ७० सेंटवर नेला. ऑगस्टमध्ये देशभर हरताळ झाला, गोळीबार झाला, आणि काही आठवड्यांतच पंतप्रधान डडली सेनानायके यांनी राजीनामा दिला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने सरकारचे म्हणणे चूक नव्हते. पण एका फटक्यात जवळजवळ तिप्पट भाववाढ करणे हे प्रशासनाच्या दृष्टीने अडाणीपणाचे होते. यातून पुढच्या सर्व राज्यकर्त्यांनी एक धडा घेतला, आणि तो अर्धवट घेतला. लोकांना दिलेले काढून घ्यायचे नाही, एवढे त्यांना कळले. त्यासाठी लागणारा पैसा कायमचा कुठून आणायचा, हा प्रश्न त्यांनी पुढच्यांवर सोडला.

ज्याला नापास ठरवले होते तो

मॉरिशसची स्थिती या काळात काय होती? क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मध्यम आकाराच्या जिल्ह्याच्याही निम्म्याहून कमी. मूळ रहिवासी असे कुणी नाहीत. मालक फ्रेंच वंशाचे, राज्य इंग्रजांचे, शेतमजूर भारतीय, शहरात आफ्रिकी गुलामांचे वंशज क्रिओल, दुकाने चिनी आणि गुजराती. निर्यातीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक साखर. चक्रीवादळ आले की वर्षाचे उत्पन्न गेले. तिथेही १९४८ नंतर डीडीटीने मलेरिया हटवला आणि लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या वेगाने वाढू लागली.

इंग्रज सरकारने पाहणीसाठी जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञांना पाचारण केले. त्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. १९६१ च्या त्यांच्या अहवालाचा सूर निराशेचा होता. जमीन मर्यादित, पीक एकच, माणसे वाढत चाललेली आणि समाज जातीधर्मांत विभागलेला. अशा ठिकाणी शांततापूर्ण विकासाची आशा फार थोडी, असे त्यांचे अनुमान होते. १९६८ च्या जानेवारीत, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगल पेटली आणि ब्रिटिश सैन्य आणावे लागले. तेव्हा अनेकांना मीड यांचे भाकीत खरे ठरल्यासारखे वाटले असेल.

म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दोन्ही बेटांसमोर प्रश्नपत्रिका एकच होती. मळ्यांवर उभी अर्थव्यवस्था, वाढती लोकसंख्या, भारतीय वंशाचे मजूर, आणि अनेक भाषा-धर्मांचा समाज. सिलोनची पूर्वतयारी कितीतरी चांगली होती. उत्तरे मात्र वेगवेगळी लिहिली गेली.

पहिला प्रश्न : नागरिक कोण?

सिलोन ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. मळ्यांतील भारतीय वंशाच्या तमिळांना पिढ्यांच्या वास्तव्याचे कागदी पुरावे मागण्यात आले. मळ्याच्या बराकीत जन्मलेल्या माणसाकडे आजोबांच्या जन्माचा दाखला कुठून असणार? १९४७ च्या निवडणुकीत मळेभागातून त्यांचे प्रतिनिधी निवडून आले होते. पाठोपाठ मताधिकारही गेला आणि १९५२ च्या निवडणुकीत हा मतदारवर्ग जवळपास पुसला गेला.

ज्याला मत नाही त्याच्या दारी पुढारी कशाला जाईल? देशाची सरासरी झपाट्याने सुधारत असताना मळ्यांतील बालमृत्यूचे प्रमाण त्याहून दीर्घकाळ जास्त राहिले. मळ्यांतील शाळा राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेच्या बाहेरच राहिल्या. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. त्यात ५,२५,००० माणसे भारताने घ्यायची, ३,००,००० श्रीलंकेने ठेवायची, आणि उरलेल्या १,५०,००० चा निर्णय नंतर करायचा असे ठरले. वाटणीचा हा हिशोब करताना ज्यांची वाटणी होत होती त्यांना कुणी विचारले नाही. निलगिरीतल्या अम्मांचे कार्ड या हिशोबातले होते. राहिलेल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न अखेर २००३ च्या कायद्याने सुटला. म्हणजे पंचावन्न वर्षांनी.

मॉरिशसमध्येही मताधिकार सहज मिळाला नाही. बरीच वर्षे तो मालमत्ताधारकांपुरताच होता. पुढे बेटावरच्या अनेक भाषांपैकी कोणत्याही एका भाषेत साक्षर असलेल्यास मत देता येईल असे ठरले. तेव्हा बासदेव बिसुनदयाल यांच्या चळवळीने गावोगाव बैठका भरवून मजुरांना सही करायला शिकवले. १९४८ च्या निवडणुकीत त्याचा परिणाम दिसला, आणि १९५९ ची निवडणूक सर्व प्रौढांच्या मतदानाने झाली. एकीकडे माणूस मतदार व्हावा म्हणून त्याला अक्षरे शिकवली गेली आणि दुसरीकडे मतदाराचा कागद मागून त्याला बाहेर काढले गेले. माझ्या मते दोन बेटांच्या वाटा इथेच फुटल्या.

दुसरा प्रश्न : कार्यालयाची भाषा कोणती?

सिलोनमध्ये इंग्रजी जाणणाऱ्या मूठभरांच्या हाती कारभार होता. ग्रामीण सिंहली तरुणांचा रोष खरा होता आणि मातृभाषेत कारभाराची मागणी न्याय्य होती. पण १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. तमिळ अधिकाऱ्यांना ठराविक मुदतीत सिंहली शिका, नाहीतर बढती विसरा, असे सांगण्यात आले. पंतप्रधान बंदरनायके यांनी १९५७ मध्ये तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी तडजोड केली आणि विरोध होताच १९५८ मध्ये ती मोडली. त्याच वर्षी दंगली झाल्या. १९७० नंतर विद्यापीठ प्रवेशात माध्यमभाषेनुसार वेगवेगळी गुणमर्यादा आली. १९८१ साली जाफन्याचे ग्रंथालय जाळले गेले आणि १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची कत्तल झाली. पुढे २६ वर्षे युद्ध चालले. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार त्यात ऐंशी हजार ते एक लाख माणसे मेली. १९८७ मध्ये संविधानात दुरुस्ती करून तमिळलाही राजभाषा म्हटले गेले. पण १९५६ साली जे एका कलमाने साधले असते ते आता सैन्य उतरवूनही साधेना.

मॉरिशसच्या संविधानाने हा प्रश्न फार उघडलाच नाही. विधिमंडळाची भाषा इंग्रजी, फ्रेंचमध्ये बोलण्यास मुभा, एवढेच म्हटले. इंग्रजी फारशी कुणाच्या घरची भाषा नसल्याने ती कुणाच्या विजयाचे चिन्ह ठरली नाही. शाळेत पूर्वजांची भाषा ऐच्छिक विषय म्हणून शिकता येते. तिथल्या लहानशा मराठी समाजाची मुले मराठी शिकतात ती याच सोयीमुळे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते, तशीच महाशिवरात्र, उगादी, तमिळांचा कावडी उत्सव, ईद, चिनी नववर्ष आणि नाताळ यांनाही. गुलामगिरी संपल्याचा १ फेब्रुवारी आणि करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा २ नोव्हेंबर, दोन्ही दिवस सुटीचे. सुट्यांची यादी करणे हे कारकुनी काम वाटते. पण त्या यादीत आपला दिवस सापडला की माणसाला देश आपला वाटतो.

एक उदाहरण मला विशेष बोलके वाटते. मॉरिशसच्या नोटांवर इंग्रजीखाली तमिळ व नंतर हिंदी अक्षरे असत. १९९८ च्या नव्या नोटांवर हा क्रम बदलून हिंदी आधी आणि तमिळ नंतर आली. तमिळ समाजाने निषेध केला. हिंदी-भोजपुरी पूर्वजांचा समाज संख्येने कितीतरी मोठा आणि सत्तेतही तोच. तरी सरकारने त्या नोटा मागे घेतल्या आणि १९९९ मध्ये जुन्या क्रमाने नव्या छापल्या. खर्च झाला, थोडी थट्टाही झाली असेल. पण नोटा पुन्हा छापण्याचा खर्च आणि २६ वर्षांच्या युद्धाचा खर्च शेजारी ठेवून पाहावा.

तिसरा प्रश्न : मळ्याचा पैसा कुणाचा?

दोन्ही देशांत मोठे मळे एका लहान वर्गाच्या हाती होते. श्रीलंकेने १९७२ आणि १९७५ च्या कायद्यांनी मळे सरकारजमा केले. व्यवस्थापनात राजकीय नेमणुका शिरल्या आणि चहाचे उत्पादन घसरले. मॉरिशसने साखरेचे मळे मालकांकडेच ठेवले आणि निर्यातीवर कर बसवला. १९७५ च्या लोमे कराराने युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेण्याचे मान्य केले. हा पैसा मालकांच्या खिशात पूर्णपणे गेला नाही आणि सरकारने तो पूर्णपणे उधळलाही नाही. मोफत दवाखाने, १९५८ पासून प्रत्येक वृद्धाला मिळणारे निवृत्तिवेतन, आणि १९७७ पासून मोफत माध्यमिक शिक्षण यांना त्याचा आधार मिळाला.

मालकांनीही नफ्याचा काही भाग नव्या उद्योगात घातला. १९७० मध्ये निर्यातक्षम उद्योगांसाठी खास कायदा झाला होता. प्राध्यापक एदुआर्द लिम फात यांनी त्याचा आग्रह धरला होता. शिवणकामाचे कारखाने निघाले आणि त्यांत बहुतांश स्त्रिया कामाला लागल्या. वेतन कमी होते, कामाचे तास कडक होते. पण घरात दुसरी मिळकत आली. जन्मदर तर त्याआधीच उतरू लागला होता. १९६० च्या सुमारास बाईमागे सरासरी सहा मुले होती, ती बारा-पंधरा वर्षांत साडेतीनच्या खाली आली, आणि त्यासाठी कुणावर सक्ती झाली नाही. सरकारी केंद्रांइतकाच त्यात चर्चच्या कुटुंबनियोजन संस्थेचाही वाटा होता. आणीबाणीतील नसबंदीच्या उद्दिष्टांची आठवण असलेल्या आमच्या पिढीतील अधिकाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

हा मार्ग सरळ नव्हता. १९७१ मध्ये संपांच्या लाटेनंतर तिथेही आणीबाणी लागली आणि १९७२ ची निवडणूक १९७६ वर गेली. साखरेची तेजी ओसरल्यावर १९७९ आणि १९८१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी आल्या आणि बेकारी वीस टक्क्यांच्या आसपास गेली. १९८२ च्या निवडणुकीत विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठपैकी साठ जागा जिंकल्या. राष्ट्रपिता मानले जाणारे शिवसागर रामगुलाम स्वतः पडले. त्यांनी सत्ता सोडली, आणि पुढच्याच वर्षी नव्या सरकारने त्यांना गव्हर्नर जनरलपद दिले. नव्या सरकारने खर्च आवरला, पण मोफत शिक्षण आणि मोफत उपचार यांना हात लावला नाही. १९५३ च्या सिलोनशी याची तुलना करावी. काय कापायचे आणि काय कापायचे नाही, हे ठरवताना ते सावध राहिले. दशकाच्या अखेरीस बेकारी जवळपास संपली होती.

श्रीलंकेनेही १९७७ मध्ये अर्थव्यवस्था खुली केली, निर्यातक्षेत्रे काढली, आणि तिथेही कपड्यांचे कारखाने आले. म्हणजे आर्थिक धोरणात फार मोठा फरक नव्हता. फरक असा की एका बेटावर गुंतवणूकदार शांततेत येत होते आणि दुसऱ्या बेटाची राजधानी १९८३ मध्ये जळत होती.

चौथा प्रश्न : अधिकाऱ्याला नेमणार कोण?

हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत फारसा नसतो, पण आमच्या व्यवसायाला तो जवळचा आहे. १९६३ मध्ये सिलोनची जुनी नागरी सेवा बंद करून नवी प्रशासकीय सेवा आली. त्यात गैर काही नव्हते. पण १९७२ च्या संविधानाने नेमणुका, बदल्या आणि शिस्तभंग यांवरचा स्वतंत्र लोकसेवा आयोगाचा अधिकार काढून मंत्रिमंडळाकडे दिला. त्यानंतर शिक्षकाच्या बदलीपासून खात्याच्या सचिवापर्यंत सर्व काही आमदाराच्या चिठ्ठीवर येऊन ठेपले. २००१ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने आयोगांना स्वातंत्र्य दिले; २०१० च्या अठराव्या दुरुस्तीने ते काढले; २०१५ च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने परत दिले; २०२० च्या विसाव्या दुरुस्तीने पुन्हा काढले; आणि २०२२ च्या एकविसाव्या दुरुस्तीने बरेचसे परत दिले. ज्या खात्यात नियम इतक्या वेळा बदलतात तिथला अधिकारी मंत्र्यासमोर नाही म्हणायला धजत नाही.

२०१९ च्या अखेरीस श्रीलंकेत मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला गेला आणि तिजोरी रिकामी होऊ लागली. एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी आली आणि भाताचे पीक बसले. हे चुकते आहे असे सांगणारे तज्ज्ञ देशात होते. पण निर्णय थांबवू शकेल अशी संस्था नव्हती. १२ एप्रिल २०२२ रोजी सरकारने परदेशी कर्ज फेडता येत नसल्याचे जाहीर केले. गॅस आणि पेट्रोलसाठी रांगा लागल्या. सप्टेंबरमध्ये महागाईचा दर सत्तर टक्क्यांच्या आसपास होता. जागतिक बँकेच्या अंदाजाने गरिबांचे प्रमाण एका वर्षात १३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कागद आयात करायला परकीय चलन नाही म्हणून पश्चिम प्रांतातील शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. १९४५ मध्ये आशियाला मोफत शिक्षणाचा धडा देणाऱ्या देशाकडे प्रश्नपत्रिका छापण्याइतका कागद नव्हता.

मॉरिशसमध्ये साखरेचा चढा भाव २००६ पासून उतरत गेला आणि तो करार २००९ मध्ये संपला. कपड्यांचा राखीव कोटाही २००५ मध्ये संपला होता. म्हणजे दोन्ही आधारस्तंभ एकाच दशकात ढासळले. पण साखर कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देताना रोख रकमेबरोबर जमिनीचा तुकडाही देण्यात आला. पर्यटन आणि वित्तसेवा यांची जुळवाजुळव आधीच सुरू झाली होती. तिथला लोकसेवा आयोग स्वातंत्र्यापासून संविधानाच्या संरक्षणात आहे.

निर्देशांक काय सांगतो

इथे वाचकांना वाटेल की मॉरिशस उत्तीर्ण आणि श्रीलंका अनुत्तीर्ण, असा निकाल लागला. तसे नाही. २०२० च्या मानव विकास अहवालात मॉरिशस ०.८०४ गुणांनी ६६ व्या क्रमांकावर होता आणि श्रीलंका ०.७८२ गुणांनी ७२ व्या. दरडोई उत्पन्नात मॉरिशस जवळपास दुप्पट पुढे होता. सरासरी आयुर्मानात मात्र श्रीलंका सुमारे दोन वर्षांनी पुढे. त्याच अहवालात भारत १३१ वा होता. २६ वर्षांचे युद्ध आणि २००४ ची त्सुनामी सोसूनही श्रीलंकेतील माणूस आपल्यापेक्षा जास्त जगत होता आणि जास्त शिकत होता. दवाखाना आणि शाळा यांवर एकदा केलेला खर्च किती खोल मुरतो, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

मग राजकारणाने बिघडले काय? निर्देशांकात जे मावत नाही ते. तपासणी नाक्यावर उतरून उभे राहण्याची भीती, बेपत्ता मुलाचा फोटो घेऊन बसलेली आई, आणि आपल्याच देशात दुय्यम ठरल्याची जाणीव या गोष्टी आयुर्मानाच्या आकड्यात दिसत नाहीत.

मॉरिशसचीही दुसरी बाजू आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेटभर दंगल उसळली. साखरेच्या आणि कारखान्यांच्या समृद्धीत गुलामांचे वंशज मागे राहिले होते, हे तेव्हा सर्वांना दिसले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा भरपाई मालकांना मिळाली होती, गुलामांना नाही. त्याचा लेखाजोखा मांडणाऱ्या सत्य व न्याय आयोगाचा अहवाल २०११ मध्ये आला. लहान समाजांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणून विधिमंडळात आठ जादा जागा पराभूतांपैकी सर्वोत्तमांना देण्याची तिथली पद्धत प्रसिद्ध आहे. पण तिचा हिशोब १९७२ च्या जनगणनेवर अडकून पडला, आणि उमेदवाराला आपला समाज जाहीर करायला लावणे योग्य नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये म्हटले. तडजोड एकदा करून भागत नाही, ती वेळोवेळी तपासावी लागते.

आपल्यापुरते

हे सारे मी मुद्दाम महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी लिहितो आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, तंजावर, दिल्ली किंवा बंगळुरू, आपण कुठेही असलो तरी भाषेने अल्पसंख्य असण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. शेजारी प्रेमळ असतात, सणाला बोलावतात; पण शाळेचे माध्यम, अधिवासाचा दाखला आणि नोकरीतला स्थानिकांचा आग्रह या ठिकाणी आपण कोण ते आठवण करून दिले जाते. आणि मुंबईत एखादा परप्रांतीय आपल्या कार्यालयात अर्ज घेऊन आला की आपल्यातलेच काहीजण ती आठवण त्याला करून देतात.

भारताने १९५६ साली, सिलोनने एकभाषेचा कायदा केला त्याच वर्षी, भाषावार राज्ये केली. आणि त्याच सातव्या घटनादुरुस्तीत, अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे म्हणून ३५० अ हे कलम, आणि त्यावर लक्ष ठेवणारा विशेष अधिकारी म्हणून ३५० आ हे कलम घातले. मद्रासमधील १९६५ च्या आंदोलनानंतर, १९६७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून इंग्रजीचा वापर चालू ठेवण्याची हमी दिली. त्या वेळी अनेकांना ही माघार वाटली. श्रीलंकेचा इतिहास वाचल्यावर ती माघार वाटत नाही.

पण कलम असणे वेगळे आणि ते वापरात असणे वेगळे. किती जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातील अल्पसंख्य भाषिक शाळांचा आढावा वर्षातून एकदा तरी घेतला असेल? मीही माझ्या जिल्ह्यात तो पहिल्या वर्षी घेतला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. निलगिरीहून परतल्यावर घेतला. सात शाळांपैकी दोन ठिकाणी त्या भाषेचा शिक्षकच नव्हता. पद मंजूर होते, कागदोपत्री भरलेले होते, आणि शिक्षक प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे होता. ते दुरुस्त करायला एक आदेश आणि तीन आठवडे लागले.

जीवनमान वाढवणारे निर्णय दरवेळी मोठ्या योजनांतून येतात असे नाही. मतदार यादीत नाव ठेवायचे की पुरावा मागून काढायचे, परिपत्रक किती भाषांत काढायचे, पद रिकामे ठेवायचे की भरायचे, असे ते रोज कुठल्यातरी टेबलावर होत असतात. दोन बेटांची ही कहाणी अजून सुफळ संपूर्ण झालेली नाही. आपली तर नाहीच. आपल्या टेबलावर आज कोणता कागद आला आहे, तेवढे प्रत्येकाने पाहावे.